ट्यूमर अँटिजेनची पहिली व्हायल: कोकणातल्या लॅबमध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. झालं, रत्नागिरी-चिपळूणकडच्या एखाद्या कॉलेजच्या किंवा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये प्रोजेक्टवर लागलात, आणि सरांनी सांगितलं, "तोंडाच्या कॅन्सरवर काम आहे, रिकॉम्बिनंट ईजीएफआर मागवून घे." ईजीएफआर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं, वाढीचा इशारा घेणारं प्रोटीन; कॅन्सरच्या पेशीवर रोगप्रतिकार यंत्रणेला ओळखता येणारी अशी खूण म्हणजे ट्यूमर अँटिजेन, आणि रिकॉम्बिनंट म्हणजे दुसऱ्या पेशींत जीन घालून बनवून घेतलेलं. कॅटलॉग उघडलात तर एकाच ईजीएफआरच्या नावाखाली डझनावारी व्हायल. कुणाला हिस-टॅग (हिस्टिडिनांची छोटी शेपटी), कुणाला एफसी (अँटिबॉडीची शेपटी), कुणाला बायोटिन, एखादी ई. कोलायमध्ये बनवलेली, दुसरी मानवी पेशींत. किमतीतही दुप्पट-तिप्पट फरक. सर मीटिंगला मुंबईला गेलेले. मग स्वस्तातली पहिली दिसली ती मागवायची आणि सहा महिने डोकं फोडत बसायचं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. ते टाळण्यासाठी हे लिहिते आहे.

उदाहरण शेवटपर्यंत ईजीएफआरचंच ठेवते. आपल्याकडे तंबाखू आणि मशेरी घराघरांत, त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे नमुने इथे कमी नाहीत. डोकं-मान भागातल्या बहुतेक कॅन्सरमध्ये पेशींच्या पृष्ठभागावर ईजीएफआर प्रमाणाबाहेर असतो. शिवाय त्याला चिकटणाऱ्या सेटुक्सिमॅब आणि निमोटुझुमॅब या अँटिबॉडी औषध म्हणून वापरात आहेत, त्यामुळे आपल्या व्हायलची परीक्षा घ्यायला खात्रीचा साक्षीदार हाताशी असतो. नवख्याने पहिलं अँटिजेन असंच निवडावं, ज्याची चांगली अँटिबॉडी सहज मिळते.

आधी प्रश्न ठरवा, मग प्रोटीन

ट्यूमर अँटिजेन ढोबळमानाने दोन घरांत राहतात. काही पेशीच्या बाहेर, पृष्ठभागावर: ईजीएफआर, हर-२, सीडी१९, बीसीएमए. काही पेशीच्या आत: एनवाय-ईएसओ-१, मेज (एमएजीई) कुटुंबातली प्रोटीन्स. कोणतं प्रोटीन कोणत्या रूपात घ्यायचं ते यावरच ठरतं.

अँटिबॉडी किंवा कार-टी पेशी (अँटिजेन धरणारा ‘कार’ रिसेप्टर जीनने बसवलेल्या टी पेशी) पृष्ठभागावरचं अँटिजेन जसंच्या तसं, घडी घातलेल्या अवस्थेत ओळखतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळालेली आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची नेक्सकार१९ ही भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती सीडी१९ ला अशीच धरते. तेव्हा इथे लागतो तो अँटिजेनचा पेशीबाहेरचा भाग, एक्स्ट्रासेल्युलर डोमेन, नीट घडी पडलेला आणि शक्यतो सस्तन प्राण्याच्या पेशींत बनवलेला. ईजीएफआरच्या बाहेरच्या भागात डझनावारी डायसल्फाइड बंध आणि जागोजागी साखरेच्या साखळ्या आहेत. ई. कोलायला हे दोन्ही धड जमत नाही. तिथे बनवलेला स्वस्त तुकडा वेस्टर्न ब्लॉटच्या कंट्रोलला चालेल, सेटुक्सिमॅबच्या बाइंडिंगला त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

पेशीच्या आतल्या अँटिजेनचं गणित वेगळं. टी पेशीला अख्खं एनवाय-ईएसओ-१ कधीच दिसत नाही. त्याचे तुकडे होऊन आठ-दहा अमिनो आम्लांचा पेप्टाइड एचएलएच्या (पेशीच्या पृष्ठभागावर तुकडे दाखवणारं, माणसागणिक वेगळं प्रोटीन) खोबणीत बसतो, तो दिसतो. म्हणून इथे घडीचा आग्रह कमी, आणि १८० अमिनो आम्लांचं हे प्रोटीन ई. कोलायमधून घेतलं तरी बऱ्याच प्रयोगांना चालतं. पण एचएलए बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॅटलॉगमधले तयार पेप्टाइड आणि टेट्रामर (पेप्टाइड धरलेल्या चार एचएलएंचा जुडगा, नेमक्या टी पेशी शोधायला) बहुतांशी एचएलए-ए*०२:०१ साठी असतात, कारण युरोपीय लोकांत तो भरपूर आढळतो. आपल्याकडे ए*०२:११, ए*११:०१, ए*३३:०३ असे प्रकार चांगल्या प्रमाणात आहेत. खेड-गुहागरच्या रुग्णाचं रक्त घेऊन त्यावर ए*०२:०१ चा टेट्रामर लावला आणि काहीच दिसलं नाही, तर दोष टी पेशींना देण्याआधी एचएलए टायपिंगचा रिपोर्ट मागा. अख्खं प्रोटीन किंवा सरकत्या पेप्टाइडांचा (प्रोटीनभर एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे) पूर्ण संच घेतला तर एका एचएलएवर अडून राहावं लागत नाही. माझं मत विचाराल तर इथल्या नमुन्यांसाठी सुरुवात तिथूनच करावी.

तिसरा एक गट आहे, पडदा अनेकदा ओलांडणारा: सीडी२०, क्लॉडिन १८.२. यांचा बाहेरचा भाग म्हणजे लहानसे वळसे, लूप. पडद्यातून काढले की आकार जातो. त्यामुळे ते नॅनोडिस्कमध्ये (पडद्याच्या इवल्याशा चकतीत), डिटर्जंटमध्ये किंवा विषाणूसदृश कणांवर बसवून विकतात, महाग असतात आणि सांभाळायला नाजूक. पहिल्या वर्षी यांच्या नादाला लागू नका.

डेटाशीट वाचणं

पेटीवर हापूस लिहिलंय म्हणून आत देवगडचाच आंबा आहे, असं कोकणात कुणी धरून चालत नाही. बागायतदार कोण ते विचारतो, एक आंबा हातात घेऊन वास घेतो. व्हायलच्या बाबतीत तीच सवय लावा. नावाखालच्या या गोष्टी बघा.

पहिला अ‍ॅक्सेशन नंबर. युनिप्रॉट या प्रोटीनांच्या डेटाबेसमध्ये मानवी ईजीएफआर म्हणजे पी००५३३, हर-२ म्हणजे पी०४६२६, सीडी१९ म्हणजे पी१५३९१. नंबर जुळला म्हणजे प्रोटीन मानवी आहे एवढं कळलं. मग कोणत्या अमिनो आम्लापासून कोणत्यापर्यंत. ईजीएफआरचा पूर्ण बाहेरचा भाग साधारण २५ ते ६४५. सेटुक्सिमॅब त्यातल्या तिसऱ्या डोमेनला चिकटतं. एखाद्या व्हायलमध्ये नुसता पहिला-दुसरा डोमेन असेल तर लेबलवर ईजीएफआर लिहिलेलं खरंच आहे, तुमच्या कामाचं मात्र काहीच नाही.

मग टॅग. इथे नवखे सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा थांबते. सेटुक्सिमॅबची शेपटी मानवी आयजीजी-१ ची आहे. ते चिकटलं की नाही हे बघायला आपण मानवी एफसीला धरणारी, एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) जोडलेली सेकंडरी अँटिबॉडी वापरतो. आता प्लेटवर लावलेल्या ईजीएफआरलाच मानवी एफसी जोडलेला असेल तर सेकंडरी थेट त्यालाच जाऊन बसते. सेटुक्सिमॅब घाला न घाला, सगळी प्लेट पिवळीधमक. अशा प्रयोगाला हिस-टॅगवालं प्रोटीन घ्या. याउलट बीसीएमएचा बाहेरचा भाग जेमतेम ५४ अमिनो आम्लांचा. तो एकटा प्लेटवर नीट दिसत नाही, एफसी जोडला की जोडी जमते आणि पकडही वाढते. त्यामुळे एफसी वाईट असं काही नाही, फक्त पुढची सेकंडरी कोणती हे बघून तो घ्यायचा. फ्लो सायटोमेट्रीत कार-टी पेशींवरचा कार रिसेप्टर शोधायला एफसीवालं अँटिजेन वापरणार असाल तर मोनोसाइटवरचे एफसी रिसेप्टर आधी ब्लॉक करा. बायोटिन हवं असेल तर अ‍ॅव्ही-टॅगवर एकाच जागी जोडलेलं घ्या. लायसिनवर रासायनिक पद्धतीने कुठेही चिकटवलेलं बायोटिन कधी नेमकी आपल्या कामाची जागाच झाकून टाकतं.

शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर असं सगळेच लिहितात. ती नुसती जेलवर मोजलीय की एसईसीवरही (आकारानुसार प्रोटीन वेगळं करणारा कॉलम), ते बघा. गोळा झालेलं प्रोटीन रिड्यूस केलेल्या (डायसल्फाइड बंध तोडलेल्या) जेलवर सज्जनासारखं एकाच पट्टीत दिसतं. बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर पेशींना विषारी आणि एचआरपीला मारक. वाहक म्हणून बीएसए घातलेलं असेल तर लेबलिंग किंवा प्रोटीन मोजणीला ती व्हायल बाद. एंडोटॉक्सिनची (बॅक्टेरियाच्या आवरणातला, पेशींना चिथावणारा एलपीएस) ओळ पेशींच्या प्रयोगाच्या वेळी परत काढायची आहे, तिच्याखाली आत्ताच रेघ मारून ठेवा.

मागवायचं कधी आणि कसं

१०० मायक्रोग्रामला सहज पाच आकडी रुपये जातात, तेव्हा हे पार्सल रस्त्यात मरू द्यायचं नाही. बहुतेक माल परदेशातून मुंबईला उतरतो, तिथून डीलरकडे, तिथून आपल्याकडे. डीलरला स्पष्ट सांगा: माल आला तरी तुमच्या फ्रीजरमध्ये ठेवा, सोमवारी निघू दे, आणि निघाल्याचा फोन करा. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात उकडत पडतं. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की सगळंच थांबतं. आणि गणपतीच्या आधीचा आठवडा ते गौरी विसर्जन हा काळ ऑर्डरच्या कागदावरच फुली मारून ठेवा. हायवेवर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग, कुरिअरवाला गावाला, लॅबचा शिपाई आरतीला. शिमग्यालाही थोडंफार तेच.

जिथे पर्याय असेल तिथे लायोफिलाइज्ड, म्हणजे सुकवलेली पूड घ्या. ती जेल पॅकवर एक-दोन दिवसांचा प्रवास निभावते. द्रव प्रोटीन ड्राय आइसवर येतं. त्याचं तापमान उणे ७८.५ अंश, आणि ते वितळत नाही, उडून जातं. किती किलो घातलाय ते विचारा आणि प्रवासापेक्षा एक दिवस जास्तीचा घालायला सांगा. बंद खिडक्यांच्या गाडीतून ड्राय आइसचा खोका आणू नका, कार्बन डायऑक्साइड साठतो. मिरकरवाड्यावर बर्फ मिळतो तो शून्य अंशाचा, ओला. ड्राय आइसच्या जागी त्याचा काही उपयोग नाही.

आमच्याकडे थर्माकोलचा खोका दिसला की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते. कुरिअरच्या ऑफिसातल्या मामांनी एकदा खोका हलवून विचारलं, "काय गो बाय, म्हावरं हाय काय ह्यात?" तेव्हापासून खोक्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत "औषधी माल, उन्हात ठेवू नये, पोचताच फोन करावा" असं लिहून खाली मोबाइल नंबर टाकायला मी डीलरला सांगते. इंग्रजी स्टिकरपेक्षा याचा गुण लवकर येतो.

व्हायल उघडणं

जुलैत आपल्याकडे हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. फ्रीजरमधून काढलेली थंडगार व्हायल तशीच उघडलीत तर क्षणात आत दव धरतं आणि सुकी पूड चिकट होते. बंद व्हायल डेसिकेटरमध्ये सिलिका जेलसोबत अर्धा तास ठेवा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले असतील तर ते आधी ओव्हनमध्ये वाळवा. पावसाळ्यात ते बघता बघता गुलाबी होतात. मग व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा म्हणजे झाकणाला चिकटलेलं खाली येईल. आत काही दिसलं नाही तरी घाबरू नका. १०० मायक्रोग्राम म्हणजे काचेवरचा पुसट पापुद्रा, आणि जो दिसतो तोही बहुतेक प्रोटीन टिकवायला घातलेली ट्रेहॅलोज साखरच असते.

डेटाशीटवर सांगितलेलं निर्जंतुक पाणी किंवा बफर सांगितलेल्या मापातच घाला. समजा ०.५ मिलिग्राम प्रति मिली करायचं आहे: १०० मायक्रोग्रामला २०० मायक्रोलिटर. भिंतीवरून हळू सोडा, व्हायल हातात धरून अलगद फिरवा, अर्धा तास ठेवा. व्होर्टेक्स नको, पिपेटने फेस काढणं तर नकोच. मग लो-बाइंड ट्यूबमध्ये २० मायक्रोलिटरचे दहा अ‍ॅलिकॉट, म्हणजे छोटे वाटे, करा. प्रत्येकात १० मायक्रोग्राम, म्हणजे २ मायक्रोग्राम प्रति मिलीने कोटिंग करायचं तर ५ मिली, म्हणजे ५० वेल. अर्धी प्लेट बसते, एका प्रयोगाला पुरते. उरलं तर फेकायचं. पुन्हा गोठवायचा मोह होतोच, पण प्रत्येक गोठण-वितळणीत थोडं प्रोटीन गोळा होतं आणि तुमचा आलेख दर आठवड्याला खाली सरकत राहतो. ०.१ मिलिग्राम प्रति मिलीपेक्षा पातळ करूनही गोठवू नका, ट्यूबच्या भिंतीच बरंचसं खाऊन टाकतात.

अ‍ॅलिकॉट मायनस एटीमध्ये, म्हणजे उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज स्वतःचा बर्फ वितळवायला अधूनमधून गरम होतो, त्याच्या फ्रीजरवर विसंबू नका. विजेचं तर काय सांगावं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यांत शिरलं. म्हणून फ्रीजर तळमजल्यावर नको, जनरेटरच्या लाइनवर हवा, आणि तापमान वाढलं की मोबाइलवर फोन येईल असा अलार्म हवा. वीज गेली तर दार उघडून "बघू तरी" करू नका. भरलेला, बंद फ्रीजर बराच वेळ थंडी धरून ठेवतो. मोकळे कप्पे पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा, तेवढा आधार. सगळे अ‍ॅलिकॉट एकाच फ्रीजरमध्ये ठेवू नयेत हे सांगायला नकोच. न उघडलेली लायोफिलाइज्ड व्हायल मात्र उणे २० वर बरेच महिने राहते, म्हणून एक तशीच राखीव असू द्या.

विश्वास ठेवण्याआधी तपासणी

कंपनीचा सीओए (तपासणीचं प्रमाणपत्र) म्हणजे कंपनीकडून निघताना माल कसा होता त्याचा दाखला. तुमच्याकडे पोचताना कसा आहे ते तुम्हीच बघायचं.

जेल आधी. एक लेन रिड्यूस केलेली, एक न केलेली. ईजीएफआरच्या बाहेरच्या भागाचं वजन अमिनो आम्लांच्या हिशेबाने ७० किलोडाल्टनच्या आसपास निघतं आणि जेलवर पट्टी बरीच वर, शंभरच्या जवळपास, जरा पसरट दिसते. ती साखर आहे. पीएनजीएज-एफ घालून साखर काढलीत तर पट्टी खाली उतरते; शंका असेल तर हा प्रयोग करून टाका. न रिड्यूस केलेल्या लेनमध्ये विहिरीच्या (वेलच्या) तोंडाशीच माल अडकलेला दिसला तर प्रोटीन गोळा झालंय.

मग एलायझा, म्हणजे प्लेटवर अँटिबॉडी किती चिकटली ते रंगाने मोजणं. २ मायक्रोग्राम प्रति मिली, वेलला १०० मायक्रोलिटर, ४ अंशाला रात्रभर. २ टक्के बीएसएने ब्लॉकिंग. सेटुक्सिमॅब १ मायक्रोग्राम प्रति मिलीपासून चौपटीने पातळ करत आठ पायऱ्या, मग सेकंडरी, टीएमबी (एचआरपीमुळे रंग येणारं द्रव्य), थांबवायला आम्ल, ४५० नॅनोमीटरला वाचन. आलेख एस आकाराचा यायला हवा आणि त्याचा मध्यबिंदू डेटाशीटवरच्या आकड्याच्या जवळपास. कंट्रोल मात्र चोख लावा: सेटुक्सिमॅब उंदराच्या ईजीएफआरला धरत नाही, त्यामुळे त्याच होस्टमध्ये, म्हणजे त्याच प्रकारच्या पेशींत, बनवलेलं, त्याच टॅगचं माऊस ईजीएफआर म्हणजे झकास निगेटिव्ह कंट्रोल.

प्रोटोकॉलमध्ये "रूम टेंपरेचर" लिहिलेलं असतं ते बावीस ते पंचवीस अंश धरून. आपली खोली मे महिन्यात बत्तीसच्या वर. टीएमबी भराभर निळं होतं आणि वरच्या पायऱ्या बघता बघता भरून जातात. एसी नसेल तर वेळ निम्मी करून बघा, प्लेट झाकून ठेवा, आणि रोजचं तापमान वहीत लिहा, नाहीतर डिसेंबर आणि मेचे आलेख जुळवताना वेड लागेल. प्लेट रीडर यूपीएसवर हवाच. आम्ल घातलं की पंधरा-वीस मिनिटांत वाचन झालं पाहिजे, आणि वीज जायला नेमका तोच मुहूर्त सापडतो.

पेशींवर घालताना

आता ती रेघ मारलेली ओळ काढा. डेटाशीटवर "१ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) प्रति मायक्रोग्रामपेक्षा कमी" लिहिलंय. छान वाटतं. पण तुम्ही डेंड्रिटिक पेशींवर (टी पेशींना अँटिजेन दाखवणाऱ्या) १० मायक्रोग्राम प्रति मिली घालणार, म्हणजे १० ईयू प्रति मिलीपर्यंत एंडोटॉक्सिन असू शकतं. १ ईयू म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्राम, तेव्हा झालं १ नॅनोग्राम प्रति मिली. मोनोसाइट आणि डेंड्रिटिक पेशी खवळायला एवढं पुरेसं आहे. टीएनएफ वर गेला, सीडी८६ वर गेला (दोन्ही पेशी चेतवल्याच्या खुणा), तुम्ही खूश, आणि काम सगळं ई. कोलायच्या एलपीएसने केलेलं. पेशींसाठी ०.१ ईयू प्रति मायक्रोग्रामच्या खालचं प्रोटीन घ्या आणि एलएएल तपासणी (एंडोटॉक्सिन मोजण्याची) जमेल तर स्वतः करा.

उकळलेलं प्रोटीन कंट्रोल म्हणून लावतात. पाच-दहा मिनिटांच्या उकळीने प्रोटीन मोडतं, एलपीएस टिकतो, त्यामुळे उकळूनही टीएनएफ तसाच राहिला तर संशय पक्का. मात्र टी पेशींच्या इलिस्पॉटला (प्रतिसाद देणाऱ्या पेशी मोजण्याची चाचणी) हा कंट्रोल लागू पडत नाही. मोडलेलं प्रोटीनही डेंड्रिटिक पेशी गिळतात, चिरतात आणि दाखवतात. तिथे त्याच होस्टमधलं, त्याच टॅगचं, संबंध नसलेलं प्रोटीन लावा. टॅगविरुद्धचा प्रतिसादही त्यातच उघडा पडतो.

कागदपत्रं आणि घरच्यांचे प्रश्न

रुग्णाचं रक्त घ्यायचं तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि मराठीत समजावून घेतलेली संमती आधी. जीन घालून पेशी बदलणार किंवा प्रोटीन स्वतः बनवणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे जा. उंदीर असतील तर प्राणी एथिक्सचा वेगळा अर्ज.

लेबलवर "फक्त संशोधनासाठी" असं असतं, त्याचा अर्थ शब्दशः घ्या. गावात कळलं की तुम्ही कॅन्सरच्या लसीवर काम करता, मग कुणाचे तरी काका दारात येतात: "ताई, थोडं इंजेक्शन आमच्या भावाला मिळेल का?" कळवळा येतो, पण ही व्हायल माणसाच्या अंगात घालण्यासाठी बनवलेलीच नाही. रिकॉम्बिनंट अँटिजेन वापरून तयार होणारा उपचार आहे, नाही असं नाही: २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या सिपुल्यूसेल-टीमध्ये रुग्णाच्याच पेशींना पीएपी (प्रोस्टेटचं अँटिजेन) आणि जीएम-सीएसएफ (पेशी चेतवणारं प्रोटीन) यांचं जोड-प्रोटीन शरीराबाहेर दाखवतात. पण ते औषधाच्या दर्जाने बनवलेलं, चाचण्यांतून गेलेलं. काकांना जवळच्या कॅन्सर तपासणीच्या ओपीडीचा पत्ता द्या, सोबत कोण जाणार ते विचारा.

नवा लॉट

जुन्या लॉटचे दोन-तीन अ‍ॅलिकॉट शिल्लक असतानाच नवा मागवा. लॉट नंबर वहीत, ट्यूबवर आणि आलेखावर, तिन्ही ठिकाणी. ट्यूबवर साधं मार्कर पेन नको, दमट हवेत आणि अल्कोहोलच्या हाताने ते पुसतं, क्रायो-लेबल वापरा. नवा लॉट आला की जुना आणि नवा एकाच प्लेटवर, एकाच दिवशी, त्याच सेटुक्सिमॅबने चालवा. मध्यबिंदूत दुपटीच्या आतला फरक मी चालवून घेते. त्याहून जास्त असेल तर दोन्ही आलेख आणि जेलचा फोटो डीलरला पाठवा, आणि जुने अ‍ॅलिकॉट संपेपर्यंत रुग्णांच्या नमुन्यांवर नवा लॉट लावू नका.